११० सीसी एटीव्हीचं इंजिन घरी बांधताना: कुठे अडतं आणि कसं सुटतं

अलिबाग, नागाव, काशिदच्या किनाऱ्यावर भाड्याने फिरवायला मिळणाऱ्या किंवा फार्महाऊसवर मुलांसाठी घेतलेल्या छोट्या एटीव्ही (वाळूवर, कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या चारचाकी बाइक) पाहिल्या तर त्यातल्या बऱ्याच गाड्यांत एकाच घराण्याचं इंजिन सापडतं. आडवा सिलिंडर, हवेवर थंड होणारं, कार्बोरेटरचं, ‘११० सीसी’ या नावाने विकलं जाणारं. प्रत्यक्षात बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५२.४ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४९.५ मिमी, म्हणजे १०६.७ सीसी. मूळ आराखडा होंडाच्या कब मालिकेतला. आपली सीडी १०० आणि स्प्लेंडरही त्याच वंशातल्या. स्प्लेंडरचा बोअर ५० मिमी आणि स्ट्रोक तोच ४९.५. त्यामुळे तालुक्याच्या गावातल्या जुन्या मेकॅनिकला हे इंजिन परकं नाही. तुम्ही मध्येच अडलात तर विचारायला माणूस आहे. पण म्हणून स्प्लेंडरचा पार्ट डोळे मिटून यात बसवायचा नाही. घराणं एक असलं तरी मापं वेगळी आहेत.

पार्ट मागवण्याआधी इंजिनच्या केसवर (बाहेरच्या कवचावर) ठोकलेला कोड वाचा. ‘१पी५२एफएमएच’ असं काहीतरी असतं. ५२ म्हणजे बोअरचं माप, एफ म्हणजे हवेवर थंड होणारं, एम म्हणजे मोटारसायकलचं आणि एच म्हणजे साधारण ११० सीसीचा गट. गाडीवरच्या स्टिकरपेक्षा या कोडवर विश्वास ठेवा. स्टिकर कोणीही चिकटवतो.

गॅरेजच्या भाषेत या कामाचे दोन प्रकार: हाफ इंजिन, म्हणजे हेड, ब्लॉक, पिस्टन आणि वॉल्व्हचं काम, आणि फुल इंजिन, म्हणजे केस उघडून क्रँक (पिस्टनच्या धावेने फिरणारा मुख्य दांडा), बेअरिंग, गिअर सगळं. पहिल्यांदा करणाऱ्याने हाफवर थांबावं. क्रँकची पिन दाबायला प्रेस लागते, नंतर क्रँक सरळ आहे का ते डायल गेजवर बघावं लागतं. ते घरच्या पडवीतलं काम नाही.

उघडण्याआधी

इंजिन कशाने मेलं हे कळेपर्यंत नवा पिस्टन टाकायचा नाही. नवशिक्यांची सगळ्यात महागडी अडचण इथे सुरू होते. पिस्टन-रिंगांचं किट आणतात, बसवतात, गाडी छान चालते आणि पुढच्या मोसमात पुन्हा धूर. कारण पिस्टन खाणारी गोष्ट तिथेच असते.

किनाऱ्यावरच्या गाडीत ती गोष्ट बहुधा वाळू असते. एअर फिल्टर काढा आणि फिल्टरच्या पलीकडे, कार्बोरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या आत बोट फिरवा. बोटाला करकर लागली की निदान झालं. फिल्टर फाटलेला आहे, कोरडा आहे, नाहीतर नळीचा क्लॅम्प ढिला आहे आणि बारीक वाळू थेट सिलिंडरमध्ये जाते आहे. या अवस्थेत इंजिनात घातलेला प्रत्येक रुपया वाळूत जाणार. फोमचा फिल्टर असेल तर धुऊन, वाळवून, फिल्टरचं तेल लावून बसवायचा. आणि नळीला भेग असेल तर नळीच बदलायची.

दुसरी शक्यता अशी की इंजिनला काहीच झालेलं नाही. कॉम्प्रेशन कमी, सकाळी स्टार्टिंगला त्रास, आयडलवर बंद पडणं ही लक्षणं घट्ट झालेल्या टॅपेटचीही (वॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट ठरवणाऱ्या स्क्रूची) असतात. वॉल्व्ह सीटमध्ये झिजत बसला की टॅपेटची फट कमी होत जाते, आणि एक दिवस वॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. या इंजिनांना थंड असताना दोन्ही वॉल्व्हना साधारण ०.०५ मिमी फट ठेवतात. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो पाळा. फीलर गेजने (ठराविक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) आधी ही फट बघा, मगच कॉम्प्रेशन मोजा. उलट क्रमाने गेलात तर चांगलं इंजिन उघडून बसाल.

कॉम्प्रेशन मोजताना प्लग काढून त्याच्या जागी गेज लावायचं, थ्रॉटल पूर्ण उघडा धरायचा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत सेल्फ मारायचा. काढलेला प्लग कॅपमध्ये खोचून इंजिनच्या धातूला टेकवून ठेवा, नाहीतर प्लगला करंट देणाऱ्या सीडीआय युनिटला धोका. गरम इंजिनवर १२० ते १७० पीएसआयच्या दरम्यान आकडा आला तर बरं चाललंय. १०० च्या खाली असेल तर आत बघावं लागेल. मात्र लांब नळीचं गेज इतक्या छोट्या सिलिंडरवर आकडा कमी दाखवू शकतं, कारण नळीच्या पोटातली हवाही दाबावी लागते. शक्य असेल तर तेच गेज त्याच मापाच्या दुसऱ्या चालत्या इंजिनला लावून तुलना करा.

आकडा कमी आला की चमचाभर इंजिन ऑइल प्लगच्या भोकातून आत सोडून पुन्हा मोजतात. आकडा चढला तर रिंग-बोअर, नाही चढला तर वॉल्व्ह. आडव्या सिलिंडरमध्ये मात्र तेल खालच्या भिंतीवरच साचतं, म्हणून आधी हाताने दोन-तीन फेरे फिरवून ते पसरू द्या. याहून भरवशाची परीक्षा पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर होते: पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणा, प्लगच्या जागी हवेची जोडणी लावा, मॅग्नेटचा (क्रँकच्या टोकावरच्या चुंबकी चाकाचा) नट पान्याने धरून ठेवा आणि थोडी हवा सोडा. फुसफुस कार्बोरेटरमधून आली तर इनटेक वॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. हवा सुटताना क्रँक झटक्याने फिरू शकतो, बोटं लांब ठेवा आणि गाडी न्यूट्रलमध्ये.

उघडताना

आधी धुवा. बोल्टच्या खाचांमध्ये आणि फिन्समध्ये बसलेली वाळू न काढता हेड उचललं की ती सरळ केसमध्ये पडते. धुऊन, हवा मारून, मग पहिला पाना.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पेट्रोलचा कॉक बंद करा आणि पार्ट पेट्रोलमध्ये नाही, रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये धुवा. बंद खोलीत तर पेट्रोल अजिबात नको.

साइड कव्हरचे बोल्ट दिसायला सारखे पण लांबीला वेगळे असतात. एका पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा, त्याच जागी भोकं पाडा आणि बोल्ट तिथे खोचत जा. हा पोरखेळ वाटतो, पण परत बसवताना लांब बोल्ट छोट्या भोकात गेला की तो तळाला टेकतो, कव्हर दाबलं जात नाही आणि आणखी ताकद लावली की केस तडकते. छोटा बोल्ट खोल भोकात गेला तर दोन आट्यांवरच सगळा जोर येतो आणि आटे निघून येतात.

समुद्राकाठच्या गाडीचे सायलेन्सरचे स्टड (हेडमध्ये बसवलेले आट्यांचे दांडे) गंजून नटाशी एकजीव झालेले असतात. थेट पाना लावून ओढलात तर स्टड हेडमध्ये तुटणार. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, सकाळी हेड तापवा, आणि नट आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने हलवून मग उलट. नट हलला की पुढे-मागे करत काढा. तुटलाच तर हेड काढून टर्नरकडे न्या. हातातल्या ड्रिलने ॲल्युमिनियममध्ये वाकडं भोक पाडण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

हेड काढण्याचा क्रम असा. मॅग्नेटवरची ‘टी’ खूण (पिस्टन वरच्या टोकाला असल्याची) केसच्या खाचेसमोर आणा आणि दोन्ही रॉकर ढिले आहेत ना ते बघा. डाव्या बाजूचं गोल झाकण काढा, कॅम स्प्रॉकेटवरची खूण हेडच्या खाचेसमोर आहे ना याचा मोबाईलवर फोटो काढा. खालून टायमिंग चेन ताणणाऱ्या टेन्शनरचा बोल्ट आणि त्यामागची स्प्रिंग काढा, मग स्प्रॉकेटचे बोल्ट. चेन तारेने वर बांधून ठेवा, खाली पडली तर बाहेर काढायला अर्धा तास जातो. आणि चार मोठे नट सोडण्याआधी हेडच्या बाजूला असलेला छोटा बोल्ट काढा.

हा छोटा बोल्टच पुष्कळांना दिसत नाही. चारी नट निघाले, हेड हलत नाही, म्हणून लोक स्क्रूड्रायव्हर घालून उचकटतात आणि फिन तुटते किंवा गॅस्केटची जागा ओरखडते. ब्लॉकचंही तसंच: बाजूचा बोल्ट आणि चेनच्या रबरी रोलरचा बोल्ट काढल्याशिवाय ब्लॉक येत नाही. काहीही अडलं की हातोडा घेण्याआधी ‘कुठला बोल्ट राहिला?’ असा प्रश्न. सगळं सुटलं असेल तर रबरी हातोडीच्या हलक्या टोल्याने हेड सुटतं.

मॅग्नेट काढायचं असेल तर पुलरच (ओढून काढायचं हत्यार) हवा, आणि आट्यांच्या मापाचा. हातोड्याने ठोकलं तर क्रँक वाकतो, नाहीतर आतले चुंबक सुटतात.

मोजा, मग दुकानात जा

ब्लॉक हातात आला की आत नख फिरवा. उभ्या रेघा नखाला अडकत असतील तर बोअर करावा लागेल. रेघा नसल्या म्हणून सुटका नाही, कारण वाळूने झिजलेला बोअर गुळगुळीत चकचकीत दिसतो. वरच्या टोकाला जास्त झिजतो, खाली कमी.

घरी बोअर गेज नसतं, पण फीलर गेज आणि नवी रिंग असली की काम भागतं. रिंग बोअरमध्ये घाला, पिस्टनच्या डोक्याने सरळ ढकलून वरून साधारण १५ मिमी आत न्या आणि टोकांमधली फट मोजा. मग तीच रिंग तळाकडे नेऊन पुन्हा मोजा. दोन फटींमधल्या फरकाला ३.१४ ने भागलं की वरचा बोअर खालच्यापेक्षा किती मोठा झालाय ते मिळतं. वर ०.५० आणि खाली ०.२० आली, तर फरक ०.३०, म्हणजे बोअर जवळजवळ ०.१ मिमीने मोठा झालाय. तो बोअरिंगलाच जाणार. नव्या रिंगेची फट साधारण ०.१५ ते ०.३५ मिमी असावी, ०.५ म्हणजे हद्द झाली. फट फारच कमी असेल तर तेही धोक्याचं, कारण गरम झाल्यावर टोकं एकमेकांना टेकतात आणि रिंग बोअरमध्ये अडकते. बारीक कानसीने टोक घासून फट वाढवता येते, एकाच दिशेने, बाहेरून आतल्या बाजूला.

ओव्हरसाइज पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिमी अशा पायऱ्यांनी येतात. आधी पिस्टन आणा, मग बोअरिंगवाल्याला ब्लॉकसोबत तोच पिस्टन द्या. तो पिस्टन मोजून त्याप्रमाणे बोअर करतो. ‘०.५० करून ठेवा, पिस्टन नंतर आणतो’ असं सांगितलंत तर नंतर पिस्टन खुळखुळतो किंवा घट्ट बसतो, आणि दोष कोणाचा यावर भांडण. होनिंग (बोअर आतून बारीक घासणं) केल्यावर बोअरमध्ये तिरप्या एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा दिसल्या पाहिजेत. त्या रेघा तेल धरून ठेवतात. आरशासारखा बोअर मिळाला तर परत पाठवा.

बोअर होऊन आलेला ब्लॉक स्वच्छ दिसतो, पण नसतो. होनिंगची भुकटी रेघांमध्ये बसलेली असते आणि पेट्रोलने ती निघत नाही, नुसती पसरते. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रश घेऊन घासा. मग पांढरं फडकं आत फिरवा. फडक्यावर करडा डाग आला तर पुन्हा घासा. डाग यायचा थांबेपर्यंत हेच. स्वच्छ झाला की लगेच वाळवून तेलाचा हात द्या. पावसाळ्यात कोकणातल्या हवेत उघडा लोखंडी बोअर तासाभरातही तांबूस व्हायला लागतो.

क्रँकची परीक्षा साधी आहे. कनेक्टिंग रॉड वरच्या टोकाला आणून सरळ वर-खाली ओढा. रॉड बाजूला थोडा हलला तर चालतं, तो तसाच बनवलेला असतो. वर-खाली टकटक लागली तर बिग एंड (रॉडचं क्रँकवरचं बेअरिंग) गेलं, आणि हे आता हाफ इंजिन राहिलं नाही. अशा क्रँकवर नवा पिस्टन बसवून महिना काढता येईल, पण रॉड तुटला तर केसही घेऊन जाईल.

हेडमध्ये वॉल्व्ह तसेच ठेवून पोर्टमध्ये रॉकेल भरा आणि पाच-दहा मिनिटं वाट बघा. दुसऱ्या बाजूला वॉल्व्हच्या कडेने ओल आली तर लॅपिंग पेस्टने घासायला हवं. घासून सीटवर सगळीकडे सारख्या रुंदीचा करडा पट्टा उठला पाहिजे. एका बाजूला पट्टा तुटत असेल तर वॉल्व्ह वाकलाय, त्याला कितीही घासा. पेस्टचा कण न कण धुऊन काढा आणि वॉल्व्ह सील नवेच टाका. सील बसवताना वॉल्व्हच्या टोकावरच्या खाचेने सीलचं ओठ कापलं जातं, म्हणून टोकाला तेल लावा, सील सरकवताना घाई नको.

बांधताना

केसचं तोंड स्वच्छ फडक्याने बुजवा, कामाला लागण्याआधी. गजन पिनची (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनेची) लॉक लावताना ती हमखास उडते, आणि उघड्या केसमध्ये उडाली की ‘फुल इंजिन’ची वेळ येते. लॉक नवीच वापरा. लॉक खाचेत बसल्यावर तिला पिनच्या टोकाने फिरवून बघा: खाचेत बसलेली लॉक सगळीकडून आत दिसते, एका कडेला उठून दिसली तर अजून बसलेली नाही. लॉकचं तोंड पिस्टनच्या बाजूच्या कापावर येऊ देऊ नका, ते वर किंवा खाली ठेवा.

पिस्टनच्या डोक्यावर ‘आयएन’ लिहिलेलं असेल तर ती बाजू इनटेककडे, म्हणजे या आडव्या इंजिनात वरच्या बाजूला. बाण असेल तर एक्झॉस्टकडे. काहीच नसेल तर वॉल्व्हसाठीची मोठी खाच इनटेकची.

रिंगेवर बारीक अक्षर किंवा ठिपका असतो. तो पिस्टनच्या डोक्याकडे. सगळ्यात खालच्या तेलाच्या रिंगेतली नागमोडी पट्टी टोकावर टोक चढवून बसवू नका, टोकं एकमेकांना फक्त टेकलेली हवीत. ही चूक दिसत नाही, पण नंतरच्या धुराचं मोठं कारण ती आहे. रिंगांची तोंडं १२०-१२० अंशांवर फिरवून ठेवा. बोअरला, पिस्टनला तेल लावा आणि ब्लॉक सरकवताना रिंग बोटांनी दाबत आत घ्या. अडली की थांबा. रिंग बाहेरून खाचेत चेपलेली नाही, म्हणून अडते. ढकललंत तर ती तुटते आणि तुकडा बोअर ओरखडतो.

गॅस्केट बसवताना दोन गोष्टी राहतात: डॉवेल पिन आणि तेलाच्या भोकाभोवतीची छोटी ओ-रिंग. या इंजिनात वर जाणारं तेल एका स्टडभोवतीच्या वाटेने हेडमध्ये जातं. त्या स्टडवर तांब्याचा वॉशर असतो, तो त्याच जागी परत गेला पाहिजे. नाहीतर नटाखालून तेल झिरपतं. हेड गॅस्केटला सिलिकॉन लावू नका. जाड लावलेलं सिलिकॉन बाजूला पिळून आत जातं, सुटतं आणि नेमकं तेलाच्या भोकात अडकतं. जागा साफ आणि सपाट असेल तर गॅस्केट कोरडीच बसते.

नट तिरप्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत. ६ मिमीच्या स्टडला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतं, आणि हा आकडा लांब पान्याने अंदाजाने गाठायला गेलं की हमखास ओलांडला जातो. छोटा टॉर्क पाना विकत घेणं जमत नसेल तर उसना आणा. आटे गेलेच, तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या. मोठा बोल्ट ठोकून बसवायचा जुगाड टिकत नाही.

टायमिंग लावताना खूण ‘जवळपास’ जुळली असं काही नसतं. चेन खालच्या बाजूने ताणून धरा, ‘टी’ खूण खाचेसमोर, स्प्रॉकेटची खूण हेडच्या खाचेसमोर. टेन्शनरची स्प्रिंग घाला, मग क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा बघा. टेन्शनर लावल्यावर खूण एक दात सरकलेली दिसली तर पुन्हा काढा. फोटो काढलाय, तो बघा.

साइड कव्हर उघडं असेल तेव्हा क्लचच्या टोपीतला फिरता फिल्टर आणि खालची जाळी धुऊन घ्या. टोपीच्या आत काळा चिखल बसलेला असतो, तो जुन्या इंजिनाचा भुगा आहे. मॅग्नेट परत बसवण्याआधी आत हात फिरवा. एखादा नट, वॉशर, स्प्रिंगचा तुकडा चिकटून बसलेला असतो.

सेल्फ मारण्याआधी

प्लग न लावता मॅग्नेटच्या नटावर पाना लावून क्रँक हाताने चार फेरे फिरवा. सारखा, गुळगुळीत फिरला पाहिजे. कुठेतरी कडक ठोकर लागली की तिथेच थांबा. वॉल्व्ह पिस्टनला टेकतोय, म्हणजे टायमिंग चुकलं. किंवा आत काहीतरी पडलंय. हाताने लागलेली ठोकर फुकटात दुरुस्त होते, सेल्फने मारलेली वॉल्व्ह वाकवते.

मग तेल भरा. क्लच तेलात बुडालेला असतो, म्हणून डब्यावर जॅसो एमए लिहिलेलं मोटारसायकलचंच तेल घ्या. कारचं तेल टाकलंत तर क्लच घसरतो आणि इंजिनची ताकद गेली असा भास होतो. प्लग बाहेरच ठेवून, त्याला अर्थ देऊन, म्हणजे इंजिनच्या धातूला टेकवून, थोडं थोडं सेल्फ मारा आणि टॅपेटचं झाकण उघडून बघा. रॉकरपाशी तेल आलं पाहिजे. आलं नाही तर गाडी चालू करायची नाही. पंप कोरडा आहे, वाट बुजली आहे किंवा गॅस्केट उलटी बसून तेलाचं भोक झाकलं गेलंय.

बांधून झालं, पण…

*सेल्फच लागत नाही.* एवढं मोठं काम केल्यावर डोकं थेट इंजिनकडे जातं. आधी ब्रेक दाबलाय का, न्यूट्रल आहे का, दोरीचा किल स्विच जागेवर आहे का, रिमोट बंद तर नाही, हे बघा. मग बॅटरी. मग इंजिनचा अर्थ, म्हणजे अर्थिंगची वायर, कारण रंग आणि गंज असलेल्या जागी वायर बसवली की अर्थ मिळत नाही.

*सेल्फ फिरतो, चालू होत नाही.* प्लग काढून धातूला टेकवून करंट, म्हणजे ठिणगी, बघा. आसपास पेट्रोल सांडलेलं नको. करंट नसेल तर किल स्विचची वायर, बहुधा काळी-पांढरी, सीडीआयजवळ सोडून पुन्हा बघा. करंट आला तर दोष स्विचच्या बाजूला आहे. करंट आहे आणि प्लग कोरडा, तर पेट्रोल पोहोचत नाही. महिनोन् महिने उभ्या गाडीत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये सुकतं आणि स्लो जेट बुजतो. इंजिन बांधताना कार्बोरेटर साफ केला नसेल तर तो आता काढा. प्लग ओला असेल तर चोक बंद करून, थ्रॉटल उघडा धरून सेल्फ मारा. चालू न होता सायलेन्सरमधून फटाके आणि कार्बोरेटरमधून भडका येत असेल तर टायमिंगची खूण पुन्हा बघा. ती बरोबर असेल तर मॅग्नेटखालची अर्धचंद्राकृती चावी तुटलेली निघते. मॅग्नेट क्रँकवर थोडं सरकलं की करंट भलत्या वेळी पडतो.

*धूर.* पहिली पाच-दहा मिनिटं निळसर धूर येणारच, बांधताना लावलेलं तेल जळतंय. नंतरही येत असेल तर तो कधी येतो ते बघा. उभी ठेवून चालू केल्यावर एकदाच भपकारा आला तर वॉल्व्ह सील. थ्रॉटल सोडल्यावर आला तर वॉल्व्ह गाइड. जोर दिल्यावर सतत आला तर रिंगा, आणि ताज्या इंजिनात उलटी बसलेली किंवा तुटलेली रिंग, नाहीतर तेलाच्या रिंगेची चढलेली पट्टी. हे सगळं काढण्याआधी तेलाची पातळी मोजायची पट्टी मात्र बघा: तेल जास्त भरलं किंवा केसची श्वासनळी दुमडली तरी अगदी तसाच धूर येतो.

*आवाज.* वरून बारीक टिकटिक आली तर टॅपेट. डाव्या बाजूने खळखळ, थ्रॉटलबरोबर बदलणारी, तर चेन. टेन्शनरची स्प्रिंग राहिली का ते बघा. खालून जड ठोका आला तर लगेच बंद करा.

*गरम होतं, आयडल वर-खाली होतं.* इनटेकच्या जोडातून हवा ओढत असेल. जोडाभोवती ग्रीसचा जाड थर लावून बघा. आयडल स्थिर झालं तर गॅस्केट किंवा ओ-रिंग बदला. असंच चालवलंत तर मिश्रण पातळ राहतं आणि नवा पिस्टन तापून धरतो.

*गळती.* धुऊन, वाळवून, पीठ किंवा टाल्कम पावडर शिंपडा आणि दोन मिनिटं चालवा. तेल नेहमी खाली दिसतं, पण निघतं वरून. पावडर जिथे पहिल्यांदा भिजली ती जागा.

पहिले काही तास

उघड्या हवेत चालू करा, बंद शेडमध्ये नाही. दोन-तीन मिनिटं चालवून पूर्ण थंड होऊ द्या, मग हेडचे नट आणि टॅपेट पुन्हा तपासा. नवी गॅस्केट दबली की दोन्ही थोडे बदलतात. त्यानंतर उगाच आयडलवर तासभर ठेवू नका. रिंग बोअरला बसायला दाब लागतो. अर्ध्या थ्रॉटलपर्यंत जोर द्या, सोडा, पुन्हा द्या. एकाच वेगाने लांब पळवणं आणि मऊ वाळूत पूर्ण थ्रॉटलने झगडणं टाळा.

पहिलं तेल दोन-तीन तासांच्या चालवण्यातच बदला आणि पांढऱ्या डब्यात गाळा. उन्हात धरल्यावर चांदीसारखी बारीक चमक दिसली तर ती रिंगा बसल्याची आहे. नखाला लागेल असा तुकडा, चकतीसारखं काही, किंवा पिवळसर धातू दिसला तर गाडी उभी करा आणि साइड कव्हर पुन्हा उघडा. लगेच फिल्टरच्या नळीतही बोट फिरवून घ्या.